केशरच्या पायाचा ठेका

नंदिगड्ड्याच्या बसथांब्यावर कुणालाही केशरचं घर विचारा. माणूस आधी हसतो, मग उजवा पाय जमिनीवर धप्प करून आपटतो आणि विचारतो, "हीच न्हवं? वढ्याच्या पल्याड ऱ्हाते." ओढ्यापलीकडं सुपारीची थोडी झाडं, भाताची दोन खाचरं आणि एक कौलारू घर, एवढा तिचा संसार. बाई पंचेचाळिशीकडं झुकलेली, अंगानं काटक, आवाजानं खणखणीत. ती गिटार वाजवत गाते आणि गाता गाता पायानं ठेका वाजवते. ढोलकीवाला नाही, टाळवाला नाही. एका पायाखाली लाकडी पेटी, दुसऱ्या पायात घुंगरं, आणि वर ती एकटी.

केशरचं माहेर खानापुराकडचं. तिकडं गौरी-गणपतीत फुगड्यांना ऊत येतो, आणि केशर त्यात लहानपणापासून पटाईत. बाकीच्या पोरी घेरी येऊन भिंतीला टेकायच्या, तरी हिचे पाय चालूच. आई म्हणायची, ह्या पोरीच्या पायाला कुणीतरी चाक लावलंय. लग्न करून ती या डोंगरात आली तेव्हा रस्ता कच्चा होता, संध्याकाळी चारही बाजूंनी नुसतं रान किर्र करायचं, आणि नवरा उमाजी गोव्यात हॉटेलात कामाला. पहिल्या काही महिन्यांत तिला वाटलं होतं, आपण इथं मुक्या होऊन जाऊ. मग गणपती आले आणि शेजारची बाळी तिला हाताला धरून अंगणात घेऊन गेली. बाळी तिच्याच वयाची, बोलायला फटकळ, हसायला मोकळी. दोघी एकदा फिरायला लागल्या त्या थांबेनात. म्हाताऱ्या बायका तोंडाला पदर लावून बघत बसल्या. त्या दिवसापासून लावणी असो, कापणी असो, रानातून सरपण आणायचं असो की रामनगरच्या बाजाराला जायचं असो, जिथं केशर तिथं बाळी.

उमाजी वर्षातून दोनतीनदा घरी यायचा. माणूस हौशी. येताना कधी खारवलेले बांगडे, कधी दिव्यांची माळ, एकदा तर पाण्यात बसायचं रबरी बदक घेऊन आला होता. कोरोनात हॉटेल बंद पडलं तेव्हा तो कायमचा घरी आला, आणि त्याच्या पाठीला गिटार होती. हॉटेलात गाणं म्हणणारा एक म्हातारा मुलाकडं परदेशी निघाला होता. उमाजीनं त्याला कितीतरी वर्षं रोज दुपारी माशाचं हुमण आणि भात वाढला होता. जाताना त्यानं गिटार उमाजीच्या हातात दिली. केशरला आशा होती की नवरा हॉटेल सोडून येतोय तर दोन चांगली पातेली तरी घेऊन येईल. ती गिटारकडं बघून म्हणाली, "ह्यात भात शिजतोय काय?" उमाजी म्हणाला, "भात न्हाई शिजत. पण भात शिजस्तोवर करमतंय."

उमाजीला तीन कॉर्ड येत होत्या आणि एक गाणं निम्मं येत होतं. तेवढ्या भांडवलावर तो सगळ्या वाडीला गिटार शिकवायला निघाला. बाकी कुणी बधलं नाही. केशर मात्र सुपारी सोलता सोलता बघत राहिली. एका दुपारी तो झोपला असताना तिनं गिटार मांडीवर घेतली आणि त्याची बोटं जिथं पडायची तिथं आपली ठेवली. शिकणाऱ्यांची बोटं तारांनी सोलून निघतात म्हणे. पण केशरची बोटं विळा आणि सुपारी यांनी आधीच निबर झालेली होती. तारा तिला मऊच वाटल्या. उमाजी उठला तेव्हा ती त्याचं निम्मं गाणं वाजवत होती आणि उरलेलं निम्मं तिनं आपल्या मनानं जोडलं होतं. तो बराच वेळ उंबऱ्यात उभा राहिला. मग म्हणाला की चहा तोच करतो, तिनं चालू ठेवावं. केशर पुढं गमतीनं सांगायची, लग्नानंतर नवऱ्याच्या हातचा पहिला चहा तिनं त्या दिवशी प्यायला.

मग तिनं फुगडीची गाणी गिटारवर बसवली. काही माहेरची, काही बाळीकडून ऐकलेली, काही स्वतः जोडलेली. त्यातलं एक वाडीत फार चाललं:

पल्याडच्या माळावर चरती गाय गं
घरी यायला निघंना तिचा पाय गं

बाळी आणि इतर बायका भोवती फेर धरायच्या, मधे केशर बसून वाजवायची. टाळ्या आणि पावलं बायकांची, सूर केशरचा. गिटारचा आवाज त्या गलक्यात ऐकू येत होता की नाही, देव जाणे. पण मजा यायची. ही बातमी फिरत फिरत रामनगरला पोचली, आणि तिथल्या एका गणेश मंडळाचं बोलावणं आलं. मोठं स्टेज, लाइटी, लाऊडस्पीकर. बायकांनी एकाच रंगाची लुगडी नेसायचं ठरवलं. बाळीनं केसांत माळायचे अबोलीचे वळेसर सगळ्यांसाठी स्वतः गुंफले.

कार्यक्रमाच्या दिवशी उमाजी केशरला मोटरसायकलवर घेऊन पुढं निघाला, कारण टेम्पोत बायकांच्या गर्दीत गिटारचा चुराडा झाला असता. बायका मागून टेम्पोनं येणार होत्या. पाऊस लागून होता. मोटरसायकल गेली आणि थोड्याच वेळात रस्त्यावर भलंमोठं झाड आडवं झालं. टेम्पो झाडाच्या अलीकडं, केशर झाडाच्या पलीकडं. त्या रानात फोन लागत नाहीत. रामनगरला पोचून केशर मांडवाच्या कडेला रस्त्याकडं डोळे लावून उभी राहिली. मंडळाच्या माणसानं दोनदा येऊन विचारलं. तिसऱ्यांदा आला तेव्हा म्हणाला की आता चढा, नाहीतर शाळेच्या मुलांचे नाच सुरू होतील आणि मग तुमचा नंबर लागणार नाही. उमाजी म्हणाला, बायकांची वाट बघू. केशरनं एकदा रस्त्याकडं बघितलं, एकदा स्टेजकडं बघितलं, आणि ती चढली.

पहिलं कडवं झालं तेव्हाच तिला कळलं की फसलं. एवढ्या मोठ्या मांडवात तिचा आवाज आणि ती गिटार म्हणजे पातळ ताक. खालची माणसं एकमेकांशी बोलायला लागली. कुणी भजी खात होतं, कुणी फोन बघत होतं. फेर नाही, टाळ्या नाहीत. गाण्याला हाडंच नव्हती. त्यात तिचे पाय. गाणं सुरू झालं की ते पाय इतकी वर्षं फिरत आलेले. बसल्या जागी ते वळवळायला लागले. शेवटी उजव्या पायानं तिचं ऐकलं नाही आणि तो फळ्यांवर पडायला लागला.

आता योग असा, की स्टेजवरची सतरंजी पावसानं भिजली म्हणून साउंडवाल्या विठ्ठलनं ती गुंडाळून ठेवली होती आणि खाली नुसत्या फळ्या होत्या. दुसरा योग असा, की गिटारपुढं लावलेल्या माइकच्या दांड्याचा स्क्रू ढिला होता. केशर गात होती आणि माइक हळूहळू खाली वाकत होता. विठ्ठल मशीनजवळून हातवारे करत होता, पण तिचं लक्ष नव्हतं. माइकचं तोंड फळीला टेकलं आणि त्याच क्षणी केशरची टाच पडली. मांडवभर धम्म असा आवाज घुमला. भजी खाणाऱ्याचा हात तोंडापाशी थांबला. केशर स्वतःच दचकली, पण पाय दचकला नाही. तो पुन्हा पडला. धम्म. मग गाणं त्या पायावर उभं राहिलं. मागच्या रांगेतली माणसं पुढं सरकली, बायका टाळ्या धरायला लागल्या, आणि माइक सरळ करायला धावत निघालेला विठ्ठल पायरीवरच उभा राहिला.

गाणं संपलं, नारळ हातात आला, शाल अंगावर पडली. आणि तेवढ्यात मांडवाच्या दारात टेम्पो थांबला. वाटेतल्या माणसांनी झाड कापून बाजूला करायला तेवढा वेळ लागला होता. बाळी पुढं, मागं सगळ्या. लुगडी गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली, केसांतली अबोली पावसानं काळवंडलेली. स्टेजवर शाळेच्या मुली नाचायला चढत होत्या. केशर शाल सावरत बाळीकडं धावली आणि काय काय झालं ते सांगायला लागली. बाळीनं सगळं ऐकून घेतलं. मग केसांतला वळेसर काढून टेम्पोच्या फळीवर ठेवला आणि ती आत जाऊन बसली.

त्यानंतर बाळी बोलेना. भांडली असती तर बरं झालं असतं. पाणवठ्यावर भेटली तर बाजूला सरून वाट द्यायची, पाहुण्याला देतात तशी. इतर बायका हळूहळू निवळल्या. कुणीतरी केशरच्या कानावर घातलं, बाळी म्हणते, फुगडीला दोघी लागतात, हिनं एकटीनंच मांडली. केशरला ते लागलं. पुढं नवरात्रात वाडीत फुगडी झाली, पण बाळी आली नाही, आणि केशर मधेच उठून घरी आली.

पण पाय काही गप्प बसेना. त्या धम्मची गोडी तिला लागली होती. घरी येऊन तिनं तसंच करून बघितलं, तर शेणानं सारवलेली जमीन कसली वाजते? उमाजीला हे कळलं आणि त्याला नवं काम मिळालं. त्यानं जेवायचा पाट उलटा घातला. तो नुसता टकटकला. पाणी भरायचा टब पालथा घातला; त्याचा आवाज लग्नातल्या बँडसारखा. रामनगरच्या फळवाल्याकडून सफरचंदांचं देवदारी खोकं आणलं. त्याचा आवाज झकास होता, पण तिसऱ्या दिवशी केशरचा पाय सरळ आत गेला आणि खोकं घोट्यात अडकून बसलं. खोकं ओढू की बायकोला धरू हे उमाजीला कळेना. दोघं हसून हसून जमिनीवर बसली. शेवटी त्यानं घरची जुनी फणसाची फळी रंधून उतरत्या तोंडाची, उशीएवढी पेटी केली, ती सरकू नये म्हणून खाली रबर लावलं. साउंडवाल्या विठ्ठलला हे सांगितल्यावर तो एक टवका उडालेला जुना माइक घेऊन स्वतः मोटरसायकलवर आला आणि पेटीच्या पोटात बसवून गेला. म्हणाला, त्या दिवशीचा आवाज माझ्या डोक्यातून जात नाही.

पेटी झाली, पण पाय आणि हात यांचं जमेना. लोकांना वाटतं, पाय आपटत गिटार वाजवायला काय लागतं? केशरलाही तसंच वाटलं होतं. रामनगरला ते आपोआप झालं होतं. आता करायला गेलं की बिघडायचं. पायाकडं लक्ष दिलं की बोटं तारांत अडकायची. बोटांकडं बघितलं की पाय घाई करायचा, आणि पायामागं गळा धावत सुटायचा, आणि गाणं संपेपर्यंत गाय माळावरून पळत घरी यायची. हात वरखाली जाणार दोन वेळा, त्यात पाय पडणार एकदा, एवढं साधं. पण हात आणि पाय म्हणजे दोन जावा, एकीनं उचललं की दुसरीनं टाकलंच पाहिजे.

मग तिनं गिटार बाजूला ठेवली आणि भाकऱ्या थापताना पाय चालू ठेवायला सुरुवात केली. हाताची थाप भरभर, पायाचा ठेका सावकाश. पहिल्या आठवड्यात भाकऱ्या नकाशांसारख्या झाल्या. उमाजी मुकाट्यानं खात होता. एकदा फक्त म्हणाला की आज गोव्याची किनारपट्टी चांगली जमली आहे. पुढं भाकऱ्या गोल व्हायला लागल्या आणि केशरच्या लक्षात आलं की आपण पायाचा विचार करायचं सोडून दिलंय. तिनं हात धुतले, गिटार घेतली, पेटीवर पाय ठेवला, आणि गाय आपल्या चालीनं घरी आली.

जवळच महाबळेश्वर हेगडे यांची सुपारीची बाग आहे. त्यांनी बागेत पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या आहेत; बेंगळुरू, पुणे, हुबळीकडची माणसं येतात, पक्षी बघतात, कोकमाचं सरबत पितात. हेगडेअण्णा केशरला म्हणाले की रविवारी दुपारच्या जेवणानंतर थोडं गाशील का. केशर गेली. सुरुवातीला पाहुणे तिच्या लुगड्याकडं आणि गिटारकडं आळीपाळीनं बघत बसायचे. मग पेटी वाजायला लागायची आणि जेवून सुस्तावलेली माणसं खुर्चीत सरळ व्हायची. ती मराठी गायची, कन्नडही गायची. हेगडेअण्णांची आई दारात बसून कन्नड गाण्यांतल्या चुका दुरुस्त करायची. केशरला तिथं गायला आवडायचं. पण गाणं संपून टाळ्या झाल्या की नजर उजवीकडं जायची, जिथं वाडीतल्या फेरात बाळी असायची. तिथं सुपारीची झाडं असायची.

कापणीपर्यंत टाच दुखायला लागली. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की कळ मस्तकात जायची. रामनगरच्या डॉक्टरांनी टाच दाबून बघितली, सूज आहे म्हणाले, गोळ्या दिल्या, आणि काही दिवस पाय आपटायचा नाही असं बजावलं. केशरनं गोळ्या घेतल्या. कापणी मात्र कुणाच्या टाचेसाठी थांबत नाही.

त्यांच्या वाडीत कापणीला एकमेकांच्या शेतात जायची रीत आहे; आज तुझ्यात, उद्या माझ्यात. बोलणं बंद असलं तरी रीत बंद होत नाही. ठरल्या दिवशी बाळी विळा घेऊन केशरच्या खाचरात हजर झाली. दोघी शेजारशेजारच्या ओळीत वाकून कापत होत्या.  पेंढ्या उचलून खळ्यावर नेताना केशर लंगडत होती. बाळीनं ते बघितलं आणि केशरच्या वाट्याच्या पेंढ्या आपल्या डोक्यावर घेतल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळी ओढा ओलांडून आली. हातात तेल लावून गरम केलेली रुईची पानं, वर फडकं झाकलेलं. विचारलं नाही, सवरलं नाही, केशरचा पाय ओढून मांडीवर घेतला आणि पानं बांधायला लागली. बांधता बांधता खाली मान घालून म्हणाली, "तवा जरा थांबली असतीस तर?"

केशरनं हे उत्तर मनात अनेकदा जुळवलं होतं. मंडळाची घाई, आडवं झाड, न लागणारा फोन. ते सगळं तिनं बाजूला ठेवलं.

"थांबाय येत हुतं," ती म्हणाली. "लई झालं तर आपलं गाणं झालं नसतं. पर मला वर चढावंसं वाटलं, बाळी. कुणी ढकललं न्हाई मला."

बाळीनं गाठ मारली. "मग हे त्याच दिवशी का न्हाई बोललीस? झाड पडलं, झाड पडलं, म्हणत बसलीस. झाड पडलेलं मला ठाऊक न्हवतं व्हय? मी त्या झाडावरच बसले हुते."

केशरला हसू फुटलं. बाळीनं राग धरून ठेवायचा प्रयत्न केला, पण ओल्या झाडावर एका रंगाच्या लुगड्यात ओळीनं बसलेल्या सगळ्या बायका तिलाही आठवल्या असाव्यात. तिनं तोंड फिरवलं, तरी खांदे हलायला लागले. उमाजी आतून चहा घेऊन आला तेव्हा दोघी डोळे पुसत होत्या. कोण मेलं की काय असं त्याला वाटलं, आणि तसं विचारल्यावर दोघींचं हसू आणखीच वाढलं.

टाचेची सूज उतरल्यावर बाळी म्हणाली, वाजवून दाखव तुझं ते खोकं. केशरनं मांडी उचलून दणकन पाय टाकला आणि गाणं सुरू केलं. बाळी कडवंभर ऐकत राहिली. मग उठून तिनं केशरच्या गुडघ्यावर हात दाबून धरला.

"हे काय चाललंय? पाय आपटतीस तू. फुगडीत कोण पाय आपटतंय? टाच जमिनीला ठेवायची आन् चवडा सोडायचा. विसरलीस व्हय?"

केशर खरंच विसरली होती. रामनगरच्या त्या धम्मचं तिच्या मनावर असं गारूड झालं होतं की ती प्रत्येक वेळी तोच काढायला बघत होती, सगळा पाय उचलून, सगळी ताकद लावून. तिनं टाच पेटीच्या कडेला टेकवली आणि नुसता चवडा खाली सोडला. आवाज कमी झाला, पण गोल झाला. पाय सैल पडला. गाणं संपलं तरी टाच दुखली नाही. उमाजी म्हणाला की पेटीच आता जास्त चांगली वाजायला लागली आहे, फणसाचं लाकूड मुरतंय. दोघींनी त्याला ते श्रेय घेऊ दिलं.

केशरनं बाळीला हेगडेअण्णांच्या बागेत यायचा आग्रह केला. ती एकदा गेली, मागं स्वयंपाकघरात बसली, आणि परत येताना म्हणाली, आपल्याला नाही जमायचं. खुर्चीत बसलेल्या माणसांपुढं फुगडी घालणं म्हणजे लग्न नसताना अक्षता टाकणं. तू गा बाई, तुझं छान चाललंय. केशरला वाईट वाटलं, पण बाळी मनापासून बोलत होती हे तिला कळत होतं. रविवार केशरचे एकटीचे राहिले. त्यात आता तिला पहिल्यासारखं चुकल्याचुकल्यासारखं वाटत नव्हतं. कधी कधी तर, उन्हं झाडांतून खाली आलेली, पाहुणे गप्प झालेले, आणि आपल्याच पायावर आपलंच गाणं तोललेलं, तेव्हा तिला वाटायचं, हे असं एकटीनं करण्यातही एक गोडी आहे. ते तिनं बाळीला सांगितलं. बाळी म्हणाली, असेल.

माघात दोन्ही घरची माणसं मिळून उळवीच्या जत्रेला गेली. जत्रेला लांबलांबहून बैलगाड्या येतात. बैलांच्या गळ्यात घुंगुरमाळा, शिंगांना गोंडे. दर्शन झालं, प्रसाद झाला. मग बाळी केशरला बैलांच्या साजाच्या दुकानावर घेऊन गेली. केशरला दुसऱ्या पायासाठी काहीतरी हवं होतं आणि ती बरेच दिवस नुसतं बोलत होती. बाळी दुकानासमोर उकिडवी बसली आणि एकेक माळ कानाशी हलवून बघायला लागली. ही फुटकी, ही बोबडी, ही फार किणकिणते. दुकानदारानं विचारलं की बैल केवढा आहे. बाळी म्हणाली, "बैल न्हाई. ही हाय." आणि केशरकडं बोट दाखवलं. दुकानदारानं केशरकडं बघितलं आणि पुढं काही विचारलं नाही.

दुपारी आंब्याच्या झाडाखाली गाड्या सोडलेल्या होत्या. उमाजीनं पेटी आणि गिटार आणली होतीच. हल्ली ती घेतल्याशिवाय तो कुठं निघत नाही आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला पेटी आपण केल्याचं सांगतो. केशरनं डाव्या घोट्याला घुंगरं बांधली. उजवा चवडा पेटीवर, डावा पाय मोकळा. आधी नुसतीच जुळवाजुळव चालली होती. पण जत्रेत वाद्याचा आवाज लपत नाही. खानापूर-बेळगावकडच्या गाड्यांतली माणसं जमली. केशरनं गाणं धरलं. लाकूड, घुंगरू, लाकूड, घुंगरू. बैलसुद्धा कान टवकारून वळले. दुसऱ्या कडव्याला गाडीतल्या दोन बायकांनी पदर खोचला.

त्यातल्या एकीनं बाळीपुढं हात केले. बाळीनं क्षणभर केशरकडं बघितलं. आणि मग त्या अनोळखी बाईचे हात धरून तिनं गिरकी घेतली.

 इतक्या वर्षांत बाळीला दुसरीबरोबर फिरताना केशरनं बघितलं नव्हतं. फिरताना ती स्वतःच समोर असायची, मग बघणार कशी? लुगड्याचा घेर कसा फुलतो, मान कशी मागं जाते, टाचा जमिनीला चिकटून चवडे कसे भराभर सरकतात, हे ती पहिल्यांदाच नीट बघत होती. तिला उठून जावंसं वाटलं. पण हातात तारा होत्या, पायाखाली पेटी होती, आणि त्या दोघी तिच्याच ठेक्यावर फिरत होत्या. ठेका थांबला असता तर त्या पडल्या असत्या. म्हणून तिनं आणखी एक कडवं जोडलं. मग आणखी एक. बाळीचा चेहरा गरकन समोर यायचा आणि जायचा, आणि दर वेळी तो हसत होता.

गाणं संपल्यावर बाळी धडपडत आली आणि केशरला सरकवून तिच्या शेजारी टेकली. बराच वेळ तिला श्वासच पुरेना. त्या बाईनं लांबूनच हात जोडले.

"कशी हाय फिरायला?" केशरनं विचारलं. विचारायचं नव्हतं, पण विचारलं.

"उंच हाय लई," बाळी म्हणाली. "माझे हात खांद्यातनं उपटाय आलते."

केशरनं पायातली घुंगरं सोडली, गिटार उमाजीच्या मांडीवर टाकली आणि बाळीला हाताला धरून उठवायला लागली. बाळी म्हणत होती की जरा दम घेऊ दे, डोकं अजून फिरतंय. उमाजी गिटारवर आपलं ते निम्मं गाणं शोधत होता. पेटीवर पाय ठेवायचा त्याला मोह झाला आणि ठेवल्याबरोबर त्याची बोटं तारांत अडकली. गाडीवाले हसले. तोवर दोघी झाडाच्या सावलीबाहेर मोकळ्या जागेत गेल्या होत्या, आणि कुणीतरी टाळ्या धरल्या होत्या.